डावा कौल

बावीस जणांपैकी सतरा जणांनी घरी जायला नकार दिला, आणि त्या दुपारी स्नेहछायेत बासुंदी झाली.

बासुंदी अध्यक्षांनी सांगितली. भाऊसाहेब वालावलकर बोलायला उभे राहिले की मी मनातल्या मनात मोजायला लागते. त्या दिवशी बारा मिनिटांत त्यांनी 'आमची मुलं' हे शब्द एकोणीस वेळा उच्चारले. या मुलांतलं सगळ्यात धाकटं मूल चौतीस वर्षांचं आहे आणि त्याला टक्कल पडलं आहे. आमच्या मुलांनी जगाला सांगितलं की दुसरं घर नको, असं म्हणून भाऊसाहेबांनी डोळे टिपले. रुमाल भाषणाच्या आधीपासून हातात तयार होता.

मी अनसूया गुरव. स्नेहछाया या अपंगांच्या संस्थेचं आवक-जावक रजिस्टर एकतीस वर्षं लिहिते. कोण आलं, कोणत्या तारखेला, कोणी आणून सोडलं. कोण गेलं, कधी, कुठे. लिहून लिहून अशी खोड लागली आहे की माणूस काय बोलतो याच्या आधी तो काय किती वेळा करतो ते मला दिसतं. संस्थेच्या नावात छाया आहे आणि आवारात झाड एकच, हेही मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं.

बासुंदी गोड होती. मी दोन वाट्या घेतल्या. संस्था चालू राहणार, म्हणजे आवारातली माझी खोली वाचली, हा हिशेब मी दुसऱ्या वाटीपर्यंत पुरा केला होता.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४२ साली, सहवास कायदा आला. कायदा जाडजूड असला तरी त्याचं सार एका ओळीचं: अपंग माणसाला त्याच्या संमतीशिवाय संस्थेत ठेवायचं नाही आणि त्याच्या संमतीशिवाय संस्थेबाहेरही काढायचं नाही. ज्याला बाहेर राहायचं असेल त्याला गावात, चार शेजाऱ्यांमध्ये घर. मदतीला येणारी माणसं त्याने निवडायची, जेवायचं कधी आणि निजायचं कधी ते त्याने ठरवायचं. बोलणाऱ्याला विचारणं सोपं. पण ज्याला जन्मात एक शब्द उच्चारता आलेला नाही, त्याची संमती आणायची कुठून? तिथे ते यंत्र आलं.

आमच्या हेमांगी पालवचंच घ्या. वय एक्केचाळीस. जन्मताना मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नाही. कळण्याचा भाग शाबूत राहिला, स्नायूंना शिस्त लावणारा भाग दुखावला. हो म्हणायचं तिच्या मनात आलं की मेंदूतून हुकूम सुटतो, पण वाटेत तो विस्कटतो. मान एकीकडे जाते, हात दुसरीकडे, आणि तोंडातून नुसता आवाज येतो. यंत्र हा हुकूम विस्कटायच्या आधीच धरतं. कानामागे बोटभर पट्टी लावायची. जीभ आणि घसा हलवणाऱ्या नसांतून जाणारी अगदी बारीक वीज ती टिपते. चाळीस दिवस ती माणसाला शिकते: भात हवा? पंखा लावू? उत्तर आधीच ठाऊक असलेले शेकडो प्रश्न विचारायचे, म्हणजे या माणसाचा 'हो' कसा सुटतो आणि 'नको' कसा, हे तिला कळतं. मग चाकांच्या खुर्चीच्या उजव्या हातावर हिरवा दिवा लागला तर हो, डाव्या हातावर तांबडा लागला तर नको. शंका असली तर दिवाच लागत नाही. एवढंच. शब्द नाहीत, वाक्यं नाहीत.

सरकारी कागदात त्याचं नाव 'संमतीदर्शक'. पण उजवं-डावं म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं नाव पडणंच शक्य नव्हतं. देवाच्या मूर्तीला कळ्या लावून प्रश्न विचारायचा, उजवीकडची कळी पडली तर काम होणार, डावीकडची पडली तर नाही. हा कौल आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माझे वडील देवळात कौल लावायचे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून यंत्राचं नाव कौल.

हेमांगीसाठी बाजारामागच्या आळीत दोन खोल्यांचं घर तयार होतं. दाराला पायरीऐवजी उतार, मोरीत धरायला दांडे. पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा विचारायचं, छापील प्रश्न, शब्द न बदलता: "तुम्हाला घरी राहायला जायचे आहे का?" तिन्ही वेळा नकार आला तर घर यादीतल्या पुढच्या नावाला, आणि हेमांगीला पुन्हा विचारायचं ते पाच वर्षांनी. मधल्या काळात राहण्याचा विषय तिच्यापाशी कोणीच काढायचा नाही; कोणी तिला पढवू नये म्हणून दोन्ही बाजूंची तोंडं शिवलेली.

पहिल्या वेळी तांबडा दिवा लागला; बासुंदी झाली ती त्याच दिवशी. दुसऱ्या वेळी प्रश्न पुरा व्हायच्या आधी लागला.

दुसऱ्या नकारानंतर इनास लोबो माझ्या टेबलापाशी येऊन बसला. बसला म्हणजे खुर्चीसकट आला. तो खुर्चीतच असतो. स्वतंत्र राहणीच्या चळवळीतला हा माणूस हेमांगीच्या बाजूने काम बघत होता. लहानपणी ताप येऊन पाय गेले, आणि घाटावरच्या अशाच एका संस्थेत त्याने सात वर्षं काढली होती.

"अनसूयाबाई, खरं सांगा. तुम्ही यांना खायला काय घालता?"

"तांदळाची पेज आणि वालाची उसळ," मी म्हटलं. "त्यासाठी कोणी जन्मभर राहत नाही."

"मग सतरा माणसं एका तोंडाने नको कशी म्हणतात? आपल्या गावात सतरा माणसांचं चहात साखर किती यावर तरी एकमत होतं का?"

मी हसले, पण तो हसला नाही. त्याने सांगितलं, सात वर्षं त्याच्या खोलीतला दिवा साडेआठला दुसरंच कोणीतरी मालवायचं. बाहेर पडला त्या रात्री त्याने एकच चैन केली: पुस्तक वाचत बसला आणि झोप आल्यावर दिवा स्वतः मालवला. तो म्हणाला, मला मोठं काही नको होतं, ते बटण हवं होतं. हेमांगीला ते बटण नको असेल तर माझी हरकत नाही. पण मला ते समजत नाही.

यंत्र चुकत असेल, मी म्हटलं. त्याने मान हलवली. सगळी तपासणी झाली होती. यंत्र अर्थ लावत नाही, तो म्हणाला. तिने प्रश्नाचा जो अर्थ लावला, त्याचं उत्तर ते पोचवतं.

हे वाक्य मी ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं.

समजत तर मलाही नव्हतं. माझ्या खोडीप्रमाणे मी एका संध्याकाळी मोजलं होतं. चार ते सहा या वेळात हेमांगीने फाटकाकडे सेहेचाळीस वेळा पाहिलं. मान वळवायला तिला किती कष्ट पडतात ते बघितलेल्यालाच कळेल. ज्याला जायचं नाही तो दोन तासांत सेहेचाळीस वेळा फाटक कशाला बघेल? आणि ज्याला जायचं आहे तो तांबडा दिवा इतक्या घाईने कशाला लावेल? मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. बेरीज जमेना. तेव्हा माणूस करतो तेच मी केलं. माझ्या सोयीचा आकडा खरा धरला.

तिसऱ्या कौलाला चार दिवस उरले असताना हेमांगीच्या वॉर्डातला भिकू गेला. सत्तरीचा होता, झोपेतच गेला. सकाळी त्याला नेल्यावर मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, 'जावक' खाली त्याचं नाव लिहिलं आणि 'कुठे' या रकान्यात, हाताच्या सवयीने, लिहिलं: घरी.

मग नेहमीप्रमाणे वॉर्डात सांगायला गेले. हेमांगी भिकूच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती. चादर नवी घातलेली, चार कोपरे ताणलेले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"भिकू घराक गेलो गो," मी म्हटलं.

तांबडा दिवा लागला.

मी तिला काही विचारलं नव्हतं. दिवा विझला, पुन्हा लागला. विझला, लागला. कानामागच्या पट्टीला हात लावून बघितला. पट्टी जागेवर होती. हेमांगी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, किंवा मोजलं नव्हतं. ती मला विनवत होती.

माझे वडील म्हणायचे, कौल उलटा पडला तर देवाशी भांडू नये, आपलं गाऱ्हाणं कोणत्या शब्दांत घातलं ते आठवावं. देव चुकत नाय, इचारणारो चुकता.

मी टेबलापाशी परत आले आणि रजिस्टरं काढली. सगळी, पहिल्यापासून.

पहिली नोंद माझ्याच हातची. मी कामाला लागून दोन महिने झाले होते. पुष्पा नावाची दहा वर्षांची मुलगी, हेमांगीच्या शेजारच्या खाटेवरची. पहाटे गेली. हेमांगीने सगळं पाहिलेलं, तीही तेव्हा दहाचीच. ती खाटेकडे बघून ओरडायची थांबेना, आणि मी सत्तावीस वर्षांची, घाबरलेली. म्हटलं, पुष्पा घराक गेली, रडू नको. ती गप्प झाली. मला वाटलं तिची समजूत पटली. बोलणं आणि लिहिणं जुळावं म्हणून रजिस्टरातही मी तेच लिहिलं. माझं बघून सगळ्यांनी तोच शब्द उचलला.

आणि त्याच वर्षी भिंतीवर पाटी लागली: निवासींसमोर 'घर' हा शब्द उच्चारू नये. घराचं नाव काढलं की नवी मुलं रडायची, म्हणून. पाटी अजून आहे. तेव्हापासून आम्ही 'ड्युटी सुटली' म्हणतो, 'गावाला जाते' म्हणतो. म्हणजे एकतीस वर्षांत हा शब्द या वॉर्डात एकाच कामासाठी वापरला गेला होता. मी नोंदी मोजल्या. घरी, घरी, घरी, अठ्ठावन्न वेळा. शेजारी 'पत्ता' नावाचा रकाना होता. तो अठ्ठावन्न वेळा कोरा होता.

आता समजा तुम्ही या वॉर्डात आहात. एक बाई हातात कागद घेऊन तुमच्या खाटेशी उभी राहते, मागे रजिस्टरवाली बाई उभी आहेच, आणि विचारते, घरी जायचं का? तुम्ही काय म्हणाल? हेमांगीला नीट समजलं होतं. न समजणारे आम्ही होतो, आणि आम्ही बासुंदी खाल्ली होती.

तिसऱ्या कौलाची गोष्ट सांगायच्या आधी एक कबूल करते. मधले तीन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. एक तांबडा दिवा आणखी लागला असता, तर अठ्ठावन्न जागी माझं अक्षर कोणी तपासलं नसतं. खोली राहिली असती. आणि हेमांगी पाच वर्षं फाटक बघत राहिली असती. याही बेरजा मी करून पाहिल्या.

चौथ्या दिवशी निवाडा अधिकारी डिचोलकर मॅडम वेळेवर आल्या. त्या नेहमी वेळेवर येतात आणि आल्यावर घड्याळ बघून ते सर्वांना कळू देतात. प्रश्नाआधी एक सही लागते. निवासीला दीर्घकाळ ओळखणाऱ्या व्यक्तीने लिहून द्यायचं: प्रश्नातील सर्व शब्द निवासीस समजतात. आधीच्या दोन्ही वेळा ही सही मी केली होती. डिचोलकर मॅडमनी कागद पुढे सरकवला. मी पेन टेबलावर ठेवलं.

"सही करता येत नाही," मी म्हटलं. "एक शब्द तिला वेगळा समजतो. तो मीच शिकवला आहे."

भाऊसाहेब म्हणाले, अनसूयाबाईंना बरं दिसत नाही. मी रजिस्टरं पुढे ठेवली आणि पानं उघडून दिली. डिचोलकर मॅडम आधी भरभर वाचत होत्या, मग सावकाश वाचू लागल्या. इनासने एक पान वाचलं आणि वाचायचं थांबवलं.

"आमच्या संस्थेत म्हणायचे, मोठ्या दवाखान्यात नेलं," तो हळूच म्हणाला. "मी अजून मोठ्या दवाखान्याच्या दारात जात नाही. आणि मला हे सुचू नये."

भाऊसाहेबांनी शेवटचा मुद्दा काढला: वॉर्डात टीव्ही आहे, मालिकांमध्ये दिवसभर घर-घर चाललेलं असतं, तेव्हा खरा अर्थ मुलांना ठाऊक असणारच.

"ठाऊक आहेच की," मी म्हटलं. "पण टीव्हीतली माणसं घरी गेली म्हणून इथली खाट रिकामी होत नाही, भाऊसाहेब."

त्यांचा रुमाल खिशातच राहिला. तो दिवस मी त्यांच्या नावावर जमा धरला.

पण छापील प्रश्न बदलायचा अधिकार डिचोलकर मॅडमना नव्हता, आणि सहीशिवाय तो विचारताही येत नव्हता. मुदत त्याच दिवशी संपत होती. त्या हताशपणे नियमांची पुस्तिका चाळत होत्या. मी एकतीस वर्षं फॉर्म भरले आहेत. पुस्तिका मी आदल्या दुपारी वाचून ठेवली होती. शेवटून दुसरं पान. निवासीची भाषा वेगळी असेल तर प्रश्न शब्दांनी न विचारता जागा दाखवून विचारावा.

"हे परप्रांतीयांसाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "ही तर इथलीच."

"इथलीच आहे. पण तिची आणि आपली भाषा एक आहे असं या रजिस्टरावरून वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. मग 'भाषा वेगळी' या चौकोनात खूण केली आणि घड्याळ न बघता उठल्या.

गाडीतून बाजारामागच्या आळीत पोचलो. उतारावरून खुर्ची आत गेली. पुढची खोली, खिडकी, खिडकीबाहेर रस्ता. दिवा लागेना, ना उजवा, ना डावा. आतल्या खोलीत नेलं आणि तांबडा दिवा लागला. इनासचा चेहरा पडला. मीही क्षणभर गोंधळले. मग पाहिलं: खाट. नवी चादर, चार कोपरे ताणलेले. कोणीतरी फार प्रेमाने घातली होती.

मी चादर ओढून चुरगळली, उशी वाकडी केली आणि त्या खाटेवर पाय वर घेऊन बसले. डिचोलकर मॅडम बघत राहिल्या. तांबडा दिवा विझला.

तेवढ्यात पुढल्या खिडकीशी हाक आली. डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली बाई आत डोकावत होती. आम्ही हेमांगीला बाहेरच्या खोलीत आणलं. त्या बाईने आम्हा तिघांकडे बघितलंसुद्धा नाही, खुर्चीतल्या बाईकडे बघून तिनं विचारलं, "काय गो बाय, नवीन इलंस? बांगडे ताजे आसत, घेतंस काय?"

एक्केचाळीस वर्षांत हेमांगीला तिच्या घरात काय शिजवायचं ते कोणी विचारलं नव्हतं. हिरवा दिवा असा लागला की मला वाटलं यंत्र बिघडलं.

हे उत्तर ग्राह्य नाही, डिचोलकर मॅडम म्हणाल्या, कारण प्रश्न बांगड्यांबद्दल होता. पण म्हणताना त्या हसत होत्या. मग त्या हेमांगीसमोर गुडघ्यावर बसल्या, हाताने खोली दाखवली, खिडकी दाखवली, इनासकडची किल्ली हेमांगीच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "इथे राहायचं?"

जागा दाखवून विचारलं तर एकाच भेटीत तीनदा विचारायचं असा नियम, म्हणून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उजवा.

बाकीच्या सोळा जणांना पुन्हा विचारावं लागणार, प्रत्येकाला जागा दाखवून. मॅडमनी तसं लिहून घेतलं. माझ्या खोलीचं काय होणार ते कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

सामान हलवण्यात आणि मदतीच्या दोघी मुलींना सगळं दाखवण्यात पुढचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हेमांगी राहायला आली, आणि तिचा पहिला दिवस म्हणून मी सोबतीला थांबले. बांगडे झाले, भात झाला. रजिस्टर मी बरोबर आणलं होतं. जावक: हेमांगी पालव. 'कुठे' या रकान्यापाशी पेन अडलं. एकच शब्द बरोबर होता आणि तोच लिहिता येत नव्हता. शेवटी तो रकाना कोरा ठेवला आणि शेजारचा भरला. पत्ता: घर क्रमांक सात, बाजारामागची आळी. तिला वाचून दाखवलं. हिरवा दिवा. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला हसणं म्हणायला माझी हरकत नाही.

सहा वाजले. रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती, मदतीची मुलगी कणीक मळत होती. आता इथे पाटी नव्हती, कोणाची भीती नव्हती. मी चपला पायात सरकवल्या, पिशवी घेतली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा, अगदी सहज, साऱ्या जगासारखं म्हणून गेले, "बरां हेमांगी, मी आता घराक जातंय."

तांबडा.

मी दारात थांबले. विझला, लागला. विझला, लागला.

"तसा नाय गो," मी म्हटलं. "उद्या सकाळी परत येतंय." दिवा विझला नाही. परत येईल असं पुष्पाबद्दलही मी कधीतरी म्हटलं असणार.

मी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि तिच्याजवळ परत येऊन बसले.